आखाजीना झोका : प्रकल्पाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार, अमळनेर

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ३० एप्रिलला आहे. तोवर निंबाला बांधलेल्या झोक्याचा एक छोटा खेळ तयार करायचा. मजकूर अहिराणीत, चित्रं भाचीची, कोड आम्हा दोघांचा. भाची कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्रकलेत हात चांगला, पायथन येतं. खेळ घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालला पाहिजे, गावातल्या शाळेच्या संगणकांवर चालला पाहिजे, आणि मुलांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनवर तर चाललाच पाहिजे.

खेळ बनवायची लायब्ररी म्हणून लव्ह (LÖVE) निवडली, ११.५ आवृत्ती. ती लुआ भाषेवर चालते. लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झाली. भाषा इतकी आटोपशीर आहे की पायथन येणाऱ्याला ती लवकर हाताशी येते. पडद्यावर चित्रं काढायला लव्हला ओपनजीएल २.१ ही जुनी ग्राफिक्स प्रणाली पुरते, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणकही तिला चालतात. मोठी इंजिनं इथल्या मशीनवर नुसती उघडायलाच खूप वेळ घेतात.

नोंदी ठेवण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. खेळ सुरू होताना एकदाच करायची कामं नेमकी कुठे लिहायची, हा विषय मला या निमित्ताने नीट लावून घ्यायचा आहे. उन्हाळी क्लासमधली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडतात. पडद्यावर चित्र हलेपर्यंत ती छान येतात, आणि मग खेळ दोन मिनिटांत जड का होतो ते त्यांना कळत नाही.

१९ मार्च, बुधवार

आज खेळाला हात लावला नाही. फक्त कोणती ओळ कधी चालते ते पाहिलं. भाचीने प्रत्येक ठिकाणी एकेक प्रिंट टाकला आणि विंडोजवर लव्हसी या नावाची जी दुसरी एक्झी मिळते तिच्यातून चालवलं. तिच्यात प्रिंट काळ्या खिडकीत दिसतो.

क्रम असा निघाला. आधी कॉन्फ.लुआ ही फाइल. तिच्यात खिडकीचा आकार, शीर्षक, साठवणीच्या फोल्डरचं नाव. मग लव्हचे ग्राफिक्स, ऑडिओ वगैरे भाग जागे होतात, खिडकी उघडते. मग मेन.लुआ वरपासून खालपर्यंत एकदा वाचली जाते. फंक्शनच्या बाहेर लिहिलेली प्रत्येक ओळ इथेच चालून जाते. त्यानंतर लव्ह.रन, खेळ चालवणारं मुख्य फंक्शन. ते लव्ह.लोडला एकदा हाक मारतं, घड्याळ पुढे सरकवून घेतं, आणि फिरत्या चक्राला सुरुवात करतं: घटना वाचा, अपडेट (स्थिती बदला), पडदा पुसा, ड्रॉ (चित्र काढा), दाखवा. संगणक साथ देत असेल तर हे चक्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा फिरतं.

मधली घड्याळाची ओळ मला फार आवडली. लोडमध्ये चित्रं उघडायला दोन सेकंद गेले तरी ते दोन सेकंद पहिल्या अपडेटच्या माथी पडत नाहीत. लिहिणाऱ्याने हा विचार आधीच करून ठेवला आहे.

खिडकी मेन.लुआच्या आधी उघडते, म्हणून चित्र लोडमध्ये न उघडता फाइलच्या माथ्यावर उघडलं तरी चालतं. भाचीचा प्रश्न रास्त होता: "मग मामा, लोड पाहिजेच कशाला?" उत्तर आज दिलं नाही. पुढे ते कामातूनच निघावं.

२३ मार्च, रविवार

क्लासच्या मुलांना दाखवण्यासाठी आज मुद्दाम चित्र उघडण्याची ओळ ड्रॉमध्ये टाकली. निंबाचं चित्र १०२४ बाय १०२४. डिस्कवर ती पीएनजी फाइल लहानशी दिसते, पण उलगडली की प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम गाठल्या तर २४० एमबी नवा माल दर सेकंदाला. प्रत्यक्षात तेवढ्या फ्रेम होतच नाहीत, कारण प्रत्येक फ्रेमला फाइल पुन्हा वाचायची आणि पुन्हा उलगडायची. टास्क मॅनेजरमधला आकडा सगळ्यांनी उभं राहून पाहिला. चढतो, मध्येच खाली येतो, पुन्हा चढतो, आणि झोका अडखळतो.

मुलांना इथे खरं कोडं पडलं. लुआ तर नको असलेली मेमरी स्वतः झाडते, मग ही का साचते? कारण झाडणी लुआच्या स्वतःच्या मेमरीवर लक्ष ठेवून असते. तिच्या दृष्टीने एक चित्र म्हणजे काही बाइटांचा छोटासा दाखला. त्या दाखल्यामागे ग्राफिक्सच्या बाजूला ४ एमबी उभे आहेत, हे तिला दिसत नाही. म्हणून तिला घाईही वाटत नाही. कलेक्टगार्बेजला मोजणी विचारली तर आकडा शांत असतो. लव्हच्या गेटस्टॅट्सला टेक्स्चर मेमरी विचारली की खरी गोष्ट समोर येते. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पडद्यावर छापून ठेवले आहेत. काम संपेपर्यंत ते कोपऱ्यात राहणार.

फॉन्टचंही तेच. न्यूफॉन्ट ड्रॉमध्ये लिहिणं हे तर मला जवळजवळ प्रत्येक नव्या मुलाच्या कोडमध्ये सापडतं, कारण तिथे "आता मोठ्या अक्षरात लिही" असं म्हणायचा तो सगळ्यात सरळ मार्ग दिसतो. बनवायचं लोडमध्ये, वापरायचं ड्रॉमध्ये. बनवणाऱ्या बहुतेक फंक्शनांच्या नावात "न्यू" आहे: न्यूइमेज, न्यूफॉन्ट, न्यूसोर्स, न्यूकॅनव्हास. ड्रॉ किंवा अपडेटमध्ये "न्यू" शोधायचं, दिसला की थांबून विचार करायचा. तपासणीची ही रीत मुलांनी लगेच उचलली.

२६ मार्च, बुधवार

मजकूर. हा भाग सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा.

लव्हची ११वी आवृत्ती देवनागरी अक्षरं फॉन्टमधून काढते, पण त्यांची जुळणी करत नाही. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते आणि दिसताना ती आधी यायला हवी. लव्ह ती साठवलेल्या जागीच छापते. "निंब" लिहिलं की वेलांटी नच्या उजवीकडे जाते. जोडाक्षरात पाय मोडलेला तसाच दिसतो. आणि आमचा मजकूर अहिराणी. झोका मंदावला की पडद्यावर यायला हवं: "झोका थांबी ऱ्हायना!" त्यातला ऱ्ह पूर्ण विस्कटला.

अक्षरं मोडकी दाखवून खेळ द्यायचा नाही, हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. आपली बोली पडद्यावर पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला ती नीटच दिसली पाहिजे.

मार्ग असा काढला. वाक्यं ठरलेली आहेत, थोडी आहेत, खेळ चालू असताना बदलत नाहीत. मग ती इंकस्केपमध्ये मुक्ता फॉन्टने लिहून पीएनजी काढायची. इंकस्केप जुळणीसाठी पँगो वापरतं, तिथे ऱ्ह अगदी व्यवस्थित येतो. ही चित्रं लोडमध्ये एकदा उघडायची, बस. जुळणीचं अवघड काम खेळ सुरू होण्याच्याही आधी, माझ्या टेबलावर उरकतं.

गुण मात्र सतत बदलतात, त्यांचं चित्र करून भागणार नाही. पण आकड्यांना ना वेलांटी ना जोडाक्षर. ० ते ९ फॉन्टमधून सरळ नीट येतात. लुआकडून येणारी संख्या इंग्रजी आकड्यांत असते, ती जीसब या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनने देवनागरीत बदलायची. बदलीचं दहा नोंदींचं कोष्टकही लोडमध्ये एकदाच बनतं.

वाक्यं मायला वाचून दाखवली. तिने पहिल्या पडद्यावरचं आंब्याचं झाड पाहून लगेच सांगितलं, "झोका निंबलेच बांधतस." भाचीने तिथल्या तिथे आंबा काढून निंब घातला.

३० मार्च, रविवार

पाडवा. काम बंद.

२ एप्रिल, बुधवार

आवाज. मायने आणि शेजारच्या बायांनी आखाजीचं गाणं म्हटलं, ते फोनवर रेकॉर्ड करून ऑग फाइल केली, तीन मिनिटांची. शिवाय झोक्याच्या दोराची कुरकुर, अर्ध्या सेकंदाची.

११ व्या आवृत्तीपासून न्यूसोर्सला प्रकार सांगावाच लागतो, स्टॅटिक की स्ट्रीम. स्टॅटिक म्हणजे सगळा आवाज आधीच उलगडून मेमरीत, स्ट्रीम म्हणजे वाजताना थोडा थोडा उलगडत. सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनेल, प्रत्येकी २ बाइट: १,७६,४०० बाइट. तीन मिनिटांचं गाणं ३० एमबीच्या वर जातं. स्वस्त फोनवर हे परवडत नाही. म्हणून गाणं स्ट्रीम, कुरकुर स्टॅटिक. दोन्ही लोडमध्येच.

६ एप्रिल, रविवार

आज झोका खरा हलला.

झोका म्हणजे लंबक. दोर ४ मीटर धरला तर एक पूर्ण फेरी साधारण ४ सेकंदांची, आणि झोका ६० अंशांपर्यंत उंच गेला की फेरीला सुमारे ७ टक्के जास्त वेळ लागतो. हा जास्तीचा वेळ खेळात जाणवतो. वर गेल्यावर झोका क्षणभर रेंगाळतो, आणि ज्याने लहानपणी झोका घेतला आहे त्याला ते लगेच ओळखू येतं. म्हणून सोपं सूत्र न वापरता कोनाचा साइन घेऊनच वेग काढतो. आधी वेग बदलायचा, मग त्या नव्या वेगाने कोन. वेग आणि कोन दोन्ही जुन्याच किमतींवरून काढले तर प्रत्येक फेरीत ऊर्जा थोडी थोडी वाढते आणि कोणी रेटा न देताच झोका वर चढत जातो.

भाचीने विचारलं, साइनचं कोष्टक लोडमध्ये बनवून ठेवायचं का. एका झोक्याला गरज नाही, आजचा संगणक साइन चटकन काढतो. पण तिचा विचार फार जुना आणि फार मोठा आहे, तो तिला सांगितला. भास्कराचार्यांच्या परंपरेत 'ज्या'चं, म्हणजे साइनचं, २४ नोंदींचं कोष्टक असे, पावणेचार अंशांच्या अंतराने. एकदा काढून ठेवायचं आणि ग्रहगणितात हवं तेव्हा त्यातून घ्यायचं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. पाटणादेवीला सगळेच जातात. तो शिलालेख कशाबद्दल आहे हे आपल्या भागातल्या मुलांना सांगितलंच पाहिजे.

९ एप्रिल, बुधवार

"परत खेय" बटण जोडलं. सगळ्यात सोपा मार्ग भाचीने करून पाहिला: बटण दाबलं की लव्ह.लोडलाच पुन्हा हाक. लव्ह अडवत नाही. लोड हे साधं फंक्शन आहे, कोणीही कितीही वेळा बोलवावं.

"मामा, गानं दोनदा वाजी ऱ्हायनं!"

खरंच, गाण्यावर गाणं चढलं होतं. लोड पुन्हा चालला तेव्हा गाण्याचा नवा सोर्स बनला आणि वाजू लागला. जुन्या सोर्सचं व्हेरिएबल आमच्या हातून गेलं, तरी तो वाजतच राहिला, कारण वाजत असलेला सोर्स लव्ह स्वतः धरून ठेवतं. सगळी चित्रं पुन्हा उघडली, त्यात क्षणभर अडखळ आली. सर्वोच्च गुणही शून्य झाले.

इथे माझ्या मनातली गोष्ट शब्दांत आली. "एकदाच" एवढं म्हणून भागत नाही. कशाच्या मागे एकदा, ते विचारावं लागतं. चित्रं आणि आवाज कार्यक्रमामागे एकदा. झोक्याचा कोन, वेग, गुण प्रत्येक डावामागे एकदा. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला ठरतं: पगार आणि धान्य वर्षाचं एकदाच बोललं जातं, कोणत्या शेतात कोणतं पीक ते हंगामागणिक, आणि आज पाणी कुठे द्यायचं ते रोज सकाळी. रोज सकाळी कोणी साल ठरवायला बसत नाही. भाचीच्या घरी शेती आहे, तिला पुढचं काही समजवावं लागलं नाही.

लोड फोडला. "सामान" या फंक्शनमध्ये चित्रं, आवाज, फॉन्ट, आकड्यांचं कोष्टक. "नवा डाव" मध्ये कोन, वेग, गुण. लोड सामान बोलावतो आणि मग नवा डाव. बटण फक्त नवा डाव बोलावतं. १९ मार्चच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. फाइलच्या माथ्यावरच्या मोकळ्या ओळींना नाव नसतं, त्यांना पुन्हा हाक मारता येत नाही, त्यातला एक भाग वेगळा काढता येत नाही. नाव असलेल्या फंक्शनमध्ये कोड असला की तो कधी चालवायचा ते आपल्या हातात राहतं.

सगळंच्या सगळं खरोखर नव्याने हवं असेल तर लव्हमध्ये वेगळी सोय आहे: इव्हेंट.क्विटला रीस्टार्ट हा शब्द द्यायचा. मग लुआची पाटी कोरी होते, कॉन्फपासून पुन्हा सुरू. चाचणी करताना ती एफ५ वर बसवली आहे.

१२ एप्रिल, शनिवार

मार्गी लागलेल्या बारीक गोष्टी. डाव संपला की गुण लगेच फाइलमध्ये लिहितो. खेळ बंद होताना लिहायचं ठेवलं तर फोन कधी कधी ॲप न विचारता मारून टाकतो आणि ते लिहिणं होतच नाही. वाचणं मात्र सुरुवातीला एकदाच.

वाऱ्याची झुळूक यदृच्छेने यायला हवी. लुआच्या स्वतःच्या मॅथ.रँडमला बी पेरलं नाही तर प्रत्येक वेळी तोच क्रम येतो: तिसऱ्या फेरीला डावीकडून, पाचव्याला उजवीकडून, मुलं पाठच करतील. लव्ह.मॅथ.रँडम सुरुवातीला आपोआप नवं बी घेतं. तेच वापरलं.

१३ एप्रिल, रविवार

फाइली वेगळ्या केल्या. झोका, वारा, गौराई, प्रत्येकाची आपली फाइल, रिक्वायरने बोलावलेली. रिक्वायर एक फाइल एकदाच चालवतं आणि तिने परत दिलेलं सामान पॅकेज.लोडेडमध्ये नावानिशी ठेवतं. पुढच्या वेळी ते तयार सामान मिळतं. म्हणजे लुआकडे "एकदाच" साठी स्वतःची यंत्रणा आहेच, आणि ती फार उपयोगी आहे.

पण ती नावावर चालते, फाइलवर नाही. फोल्डरचं नाव आणि फाइलचं नाव यांच्यामध्ये एका ठिकाणी टिंब दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी तिरपी रेघ, तर लव्हला दोन्हीकडून तीच फाइल सापडते, पण लुआच्या लेखी ती दोन वेगळी नावं. फाइल दोनदा चालते. वाऱ्याच्या फाइलमध्ये असं झालं: झोक्याला लागणारा वारा वेगळा आणि पानं हलवणारा वारा वेगळा. झोका डावीकडे जातोय आणि पानं उजवीकडे झुकतात. चूक म्हणून कोणता संदेश येत नाही, म्हणून ही शोधायला कठीण. नियम केला: सगळीकडे टिंबच.

१६ एप्रिल, बुधवार

शाळेच्या संगणकांवर पाहिलं. सुट्टीत लॅब उघडून दिली याबद्दल तिथल्या सरांचे मनापासून आभार. बाहेर अंग भाजत होतं. मुलं तरी आली.

पडदे लहान आहेत, म्हणून मोठी खिडकी आणि लहान खिडकी असा पर्याय दिला होता. लहान निवडली आणि एका मशीनवर निंब गायब. झोका हवेत लटकतोय.

निंबाचं खोड, फांद्या आणि शेकडो पानं आम्ही प्रत्येक फ्रेमला वेगवेगळी न काढता सुरुवातीला एका कॅनव्हासवर काढून ठेवतो आणि मग तो कॅनव्हास एकदम ठेवतो. सेटमोडने खिडकीचा प्रकार बदलला की कॅनव्हास कोरा होऊ शकतो, शेडरला (ग्राफिक्सच्या बाजूला चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) पाठवलेल्या किमतीही जाऊ शकतात. लव्हच्या माहितीत हा इशारा स्पष्ट लिहिलेला आहे. फाइलमधून आलेली चित्रं राहतात. आपण हाताने रंगवलेला कॅनव्हास पुन्हा कसा रंगवायचा ते लव्हला माहीत असण्याचं कारण नाही.

म्हणजे तिसरं आयुष्य सापडलं: खिडकीमागे एकदा. "खिडकी बसव" हे फंक्शन केलं. त्यात कॅनव्हास नव्याने बनवून झाड पुन्हा काढणं आणि पडद्याच्या मापाची पट्टी ठरवणं. पहिल्यांदा वाटतं की हे लव्ह.रीसाइझमध्ये, खिडकीचं माप बदललं की लव्ह ज्याला हाक मारतं त्या फंक्शनमध्ये, टाकावं, पण तेवढ्याने भागत नाही. आपण स्वतः सेटमोड बोलावला आणि मागितलेलंच माप मिळालं, तर रीसाइझला हाक येत नाही. म्हणून सेटमोडच्या खालच्याच ओळीत "खिडकी बसव" हाताने लिहायचं, आणि शिवाय रीसाइझमध्येही.

१९ एप्रिल, शनिवार

दुसरा देखावा जोडला: दिवस कलल्यावर, दिव्यांच्या उजेडातला झोका. दहा फेऱ्यांनंतर तो येतो. त्याची चित्रं खेळाच्या मध्येच उघडली तेव्हा झोका एका झटक्यात वरून खाली पोचला. कारण घड्याळाची ती सोय फक्त लोडच्या शेवटी आहे. अपडेटमध्ये चित्रं उघडायला लागलेला वेळ पुढच्या डीटीमध्ये, म्हणजे दोन अपडेटमधल्या वेळात, येऊन बसतो. नेहमी डीटी सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा असतो, तो एकदम मोठा झाला, आणि लंबकाने तेवढी उडी एका पावलात घेतली.

दोन गोष्टी केल्या. एक, डीटी कितीही आला तरी ०.०५ च्या वर घ्यायचा नाही. विंडोजवर खिडकी माउसने धरून ओढली, फोनवर मध्येच कॉल आला, अशा वेळीही हेच होतं, त्यामुळे हा पहारा हवाच. दोन, दुसऱ्या देखाव्याची चित्रंही सुरुवातीलाच उघडायची. सगळी मिळून टेक्स्चर मेमरी २८ एमबी होते, आमच्या छोट्या खेळाला ती परवडते. मोठा खेळ असता तर देखाव्यागणिक उघडणं आणि सोडणं आलं असतं.

सगळं सुरुवातीला आणल्यावर फोनवर आधी काळा पडदा राहतो. लोड संपेपर्यंत लव्ह काही दाखवत नाही. म्हणून लोडच्या अगदी पहिल्या ओळीत "जरासा थांब" एवढंच चित्र उघडतो, ते काढतो, आणि ग्राफिक्स.प्रेझेंट स्वतः बोलावतो. पडद्यावर अक्षरं येतात, मग बाकीचं सामान. मुलाला कळतं की खेळ बंद पडलेला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

फोन. खेळाचं पूर्ण सामान झिप करायचं, नाव बदलून शेवटी .लव्ह करायचं, फोनवर लव्हचं ॲप टाकून ती फाइल उघडायची. मेन.लुआ झिपच्या अगदी वरच्या पायरीवर असली पाहिजे. म्हणून फोल्डर झिप न करता आतल्या फाइली निवडून झिप करायच्या.

पहिल्याच फोनवर निळा पडदा आला, वर फाइलचं नाव: दोराचं चित्र सापडत नाही. विंडोज फाइलच्या नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं एकच मानतं, झिपच्या आत ती वेगळी. चित्राच्या नावात पहिलं अक्षर मोठं होतं, कोडमध्ये लहान. आता सगळी नावं लहान अक्षरांत.

यातून एक फायदा ठसठशीत दिसला. सामान सगळं सुरुवातीला उघडतो म्हणून गैरहजर फाइल पहिल्या क्षणी सांगितली गेली. दुसऱ्या देखाव्याचं चित्र मध्येच उघडत असतो, तर हीच तक्रार दहाव्या फेरीनंतर आली असती, आणि तीही एखाद्या मुलाच्या हातात.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

घागर भरून झाली, पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण झालं. खेळ सकाळपासून गावातल्या फोनवर फिरतोय. दुपारी निंबाखाली खऱ्या झोक्यावर बाया-पोरी, आणि पाळी येईपर्यंत पोरांच्या हातात आमचा झोका. माहेरी आलेल्या एका ताईने "झोका थांबी ऱ्हायना!" मोठ्याने वाचलं आणि हसून फोन पुढच्या बाईकडे दिला. भाचीने एका मुलाला कोपऱ्यातला मेमरीचा आकडा दाखवला आणि सांगितलं की तो का वाढत नाही. त्याला ते समजलं, कारण त्याने लगेच विचारलं, "मंग परत खेय दाबावर?" तिने दाबून दाखवलं. आकडा तोच राहिला.

४ मे, रविवार

रावेर-यावलकडून मागणी आली आहे की तिकडच्या लेवा गणबोलीतही खेळ हवा. मागणी योग्य आहे. पूर्ण खानदेशाची बोली एक नाही, आणि आखाजीचा झोका सगळीकडे आहे.

मजकुराची चित्रं सध्या "सामान" मध्ये आहेत, म्हणजे कार्यक्रमामागे एकदा. बोली खेळाच्या आत बदलता यायची असेल तर त्यांचं आयुष्य वेगळं झालं: बोलीमागे एकदा. आज ती ओळ तिथून काढून "मजकूर" या स्वतंत्र फंक्शनमध्ये टाकली, त्याला बोलीच्या फोल्डरचं नाव द्यायचं. जुनी चित्रं रिलीज करून मगच नवी उघडतो, झाडणीची वाट पाहत नाही. बदल नवा डाव सुरू होण्याच्या आधीच करू द्यायचा, मध्ये नाही.

लोडमध्ये "जरासा थांब" नंतर आता चार हाका आहेत: सामान, मजकूर, खिडकी बसव, नवा डाव. क्रम हाच ठेवायचा, कारण खिडकी बसवताना झाड काढायला सामान लागतं आणि नव्या डावाला पडद्याचं माप लागतं. वाक्यांची यादी तिकडच्या शिक्षक मित्राला पाठवली आहे. त्याच्याकडून मजकूर आला की इंकस्केपमध्ये चित्रं काढायचं काम भाचीचं, आणि फोल्डर जोडून फोनवर तपासण्याचं माझं.